काळ्या कोटासाठी चकचकीत कागद

३ मार्च, रविवार
साडूच्या नव्या दवाखान्यात चहाला गेलो होतो. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. त्याचं नाव या रोजनिशीत येणार नाही असं मी ठरवलं आहे. बाकी सगळीकडे येतंच.

वेटिंग रूममध्ये त्याने ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावलेत. स्वतः काढलेले, स्वतःच्या इंकजेटवर छापलेले. एक जिना, एक सायकल, एक म्हातारा. विषय सामान्य. पण काळा असा काळा की हात घातला तर कोपरापर्यंत बुडेल. वर चकाकी. बायको त्या जिन्यासमोर कप हातात घेऊन चहा गार होईपर्यंत उभी होती. माझ्या फोटोंसमोर ती फक्त फडकं घेऊन उभी राहते.

साडू म्हणाला, पेशंट लोक फोटो बघून आ वासतात. दातांच्या दवाखान्यात दुसरं काय करणार?

संध्याकाळी घरी येऊन माझे प्रिंट काढून बघितले. छंद तोच, प्रिंटर माझा अंमळ मोठाच, तरी काळ्याच्या जागी राखाडी. कुणीतरी पावडर शिंपडल्यासारखं. आता साडू माझ्याहून हुशार नाही हे उघड आहे. म्हणजे फरक कागदाचा. मी मॅट वापरतो, तो ग्लॉसी वापरत असणार. इतकी वर्षं हे लक्षात आलं नाही, कारण दुसऱ्याच्या ताटात डोकावायचा माझा स्वभाव नाही.

४ मार्च, सोमवार
लंच टाइममध्ये साडूला फोन. तब्येत, हवा, पेट्रोल असं करत करत कागदावर आणलं. तो म्हणाला, "कसला कागद घेऊन बसलात, दुकानदार देतो तो घेतो मी."

किती सफाईने लपवतो माणूस. मीही हसून फोन ठेवला. मग विम्याच्या क्लेमच्या दोन फायलींवर चुकीचे शिक्के मारले. साहेबांनी विचारलं, लक्ष कुठे आहे. लक्ष कुठे आहे ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं.

९ मार्च, शनिवार
सासूबाईंकडे. घराला रंग दिलाय. पुढच्या खोलीची मोठी भिंत मोकळी आहे आणि तिथे सासऱ्यांचा मोठा फोटो लावायचा आहे. सासरे जाऊन वर्ष होऊन गेलं. वकील होते. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही दोघेही फोटोवाले, दोघांनी एकेक करून आणा, मी बघेन. पण खिळा एकच ठोकणार. नव्या भिंतीला दोन भोकं त्यांना बघवायची नाहीत.

मला तो खिळा हवा आहे. इथे लिहायला हरकत नाही. थोरला जावई मी, पण त्या घरात माझं म्हणावं असं काही नाही. सासूबाईंची कवळी साडूने केली, त्या हसल्या की त्याची जाहिरात होते. टीव्ही साडूने लावून दिला. गुडघ्याचा डॉक्टर साडूच्या ओळखीचा. मी काही सुचवलं की सासूबाई म्हणतात, "बघू, डॉक्टरांना विचारू." एकदा मी पंखा कुठल्या नंबरवर ठेवू असं विचारलं, तेव्हाही तसंच म्हणाल्या.

माझ्याकडे सासऱ्यांचा काळ्या कोटातला फोटो आहे. मागे एका नातेवाइकांकडे जेवण होतं, ते कोर्टातून थेट आले होते, तेव्हा मी काढलेला. ओठ घट्ट मिटलेले, एक भुवई वर, नजर बाजूला फ्रेमच्या बाहेर कुठेतरी. एखाद्या अवघड खटल्याचा विचार चाललाय हे कुणीही सांगेल. बायको म्हणाली, बाबांचं त्या दिवशी पोट बिघडलं होतं का? तिला पोर्ट्रेट कळत नाही. तिचा दोष नाही.

साडूकडचा फोटो मी पाहिलाय. सासरे बनियनवर, बाल्कनीत, कप हातात घेऊन खदखदा हसतायत. वकिलाचा बनियनवरचा फोटो पुढच्या खोलीत? तरीही धोका आहे. त्याच्याकडे तो कागद आहे.

११ मार्च, सोमवार
ऑफिसातून हाफ डे टाकून कागदाच्या दुकानात. ग्लॉसी द्या म्हटलं, तर दुकानदार म्हणाला, कुठला? हाय ग्लॉस, सेमी ग्लॉस, सॅटिन, पर्ल, बरायटा. मी जरा आवाज खाली आणून म्हणालो, डॉक्टर नेतात तो. तो म्हणाला, कुठले डॉक्टर?

दुकानदारालाही फोडलेला दिसतो. प्रत्येकाचं एकेक पाकीट घेतलं. शास्त्रीय पद्धतीने जायचं.

१३ मार्च, बुधवार
पहिला प्रयोग. चकचकीत बाजू वर करून कागद ठेवला. या प्रिंटरला ती खाली लागते. शाई कागदाच्या पाठीवर सांडलेल्या कॉफीसारखी साचली आणि सासरे हळूहळू एका कोपऱ्याकडे वाहत गेले. चांगली बाजू कुणीही वरच ठेवेल. हा कंपनीचा हलगर्जीपणा आहे. कंपनीला पत्र लिहायचं.

वाळायला पलंगावर ठेवला, चादरीवर डाग. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

१४ मार्च, गुरुवार
बायकोला डाग दिसला. पत्राचा मजकूर तिनेच तोंडी सांगितला, फक्त तो कंपनीला उद्देशून नव्हता.

१६ मार्च, शनिवार
बाजू जमली. पण आता बायको खोलीत आली, थबकली आणि म्हणाली, "बाबा हिरवे का दिसतायत?"

मी म्हणालो, ट्यूबलाइट आहे. खिडकीपाशी नेले तर गुलाबी दिसायला लागले. मग लक्षात आलं की प्रिंटर काळा रंग बनवायला बाकीचे सगळे रंग थोडे थोडे ढोसतो. सेटिंग बदलून फक्त काळी शाई लावली. हिरवे गेले, पण गालावर मुंग्या चढल्यासारखे ठिपके आले. बायको मध्येच स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

साडूला या अडचणी येत नसणार. त्याला काहीच अडचणी येत नाहीत. केससुद्धा आहेत त्याला.

१७ मार्च, रविवार
आज दिवसभर तुलना. पुन्हा सगळी शाई, पण टोन नीट लावून.

पर्ल: बारीक खडबडीत. सासऱ्यांना घामोळं आल्यासारखं वाटतं.

सॅटिन: धड इकडे ना तिकडे. ऑफिसातल्या माझ्या बाजूच्या टेबलवाल्यासारखं.

बरायटा: जाडजूड. यावर छान आला. खरं तर फारच छान आला, कोटाची शिवणसुद्धा दिसते, रंगही स्थिर. पण चमक फार शांत आहे. साडूच्या जिन्याला जी चकाकी होती तिच्यापुढे हा कोपऱ्यात बसून राहील. शांत राहून या घरात मला आजवर काय मिळालं? बाद.

हाय ग्लॉस: चकाकीच चकाकी. तिरका धरला की कोट तांब्याचा दिसतो आणि बोट लागलं की ठसा उठतो, पण तिरका धरायचाच कशाला, बोट लावायचंच कशाला. काळा भरपूर काळा. हाच असावा साडूचा. खात्री करायला हवी.

वाळायला सगळे प्रिंट पलंगावर मांडले होते. बायको म्हणाली, "माझ्या पलंगावर सहा वडील आहेत, मी दुपारी पडू कुठे?" तिला सोफा दिला.

१९ मार्च, मंगळवार
ठरलं. साडूच्या फोटोंचा कागद जवळून बघायचा. विचारून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी आणि नखाने. त्यासाठी दवाखान्यात एकट्याने जायला हवं. उद्यापासून माझी दाढ दुखते.

२१ मार्च, गुरुवार
अर्ध्या तोंडाने लिहितो आहे, म्हणजे लिहायला तोंड लागत नाही, पण तसं वाटतंय.

वेळेच्या आधी पोचलो. वेटिंग रूममध्ये मी आणि रिसेप्शनवरची बाई. ती फोनवर बोलायला वळली तसा जिन्याच्या फोटोपाशी गेलो आणि कोपऱ्यावर नख मारलं. टक्. पुन्हा मारलं. टक्.

काच आहे.

सायकलवर मारलं, म्हाताऱ्यावर मारलं. सगळीकडे काच. बाजूने गाल भिंतीला टेकवून आत बघितलं तर कागद मॅट. साधा मॅट. बहुधा मी वापरतो तोच. म्हणजे बायकोचा चहा गार झाला तो काचेपुढे. मी इतके दिवस ज्याच्यावर जळतोय ती काच आहे, आणि काच तर कुठल्याही फ्रेमवाल्याकडे मिळते.

गाल भिंतीला असतानाच रिसेप्शनवरच्या बाईने विचारलं, फार दुखतंय का? हो म्हणावं लागलं. तिने ताबडतोब आत घेतलं. साडूने तोंडात आरसा घातला आणि म्हणाला, बरं झालं वेळेवर आलात, दाढ आतून बरीच किडलीय. इंजेक्शन, ड्रिल, सगळं झालं. खोटी दाढदुखी घेऊन गेलो आणि खरी निघाली, यातसुद्धा त्याचंच नाव झालं. बायको घरी म्हणत होती, डॉक्टर होते म्हणून वाचलात. काचेबद्दल त्याला जाब विचारायचा होता, पण ओठ माझ्या ताब्यात नव्हते.

२२ मार्च, शुक्रवार
शांतपणे विचार केला. काच ही फसवणूक आहे. बाई पावडर लावते तसं. ग्लॉसी कागदाची चमक ही कागदाची स्वतःची चमक. मी काच लावणार नाही. मोठ्या आकाराचा, दुकानातला सगळ्यात चकचकीत कागद, आणि फ्रेम नुसती चौकटीची. सासूबाईंना खरं काय आणि वरवरचं काय ते कळतं. निदान कळायला हवं.

दुकानदाराने एक खोकं काढून दिलं. याहून चकचकीत येत नाही म्हणाला. मी म्हणालो, डॉक्टर आले तर त्यांना देऊ नका. तो पुन्हा म्हणाला, कुठले डॉक्टर? या वेळी मला तो खरं बोलतोय असं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं वाईट वाटलं.

२९ मार्च, शुक्रवार
रजा टाकली. फायनल प्रिंट. खिडक्या बंद, पंखा बंद, कारण मागचा एक प्रिंट वाळताना पंख्याने त्यावर धूळ बसवली आणि सासऱ्यांना अचानक दाढी आली. घामाघूम. कपाळ उतरलं, भुवई उतरली, ओठ उतरले, कॉलर उतरली. एकदम अप्रतिम. आणि कोटाच्या दुसऱ्या बटणापाशी काळी शाई संपली.

खाली कोट फिका होत होत पोटापाशी सासरे संपले. दुकान बंद, दुकानदार सोमवारपर्यंत गावाला. परवा रविवार, परवाच दाखवायचं. मी जमिनीवर बसलो. बायकोने ते बघितलं आणि मला न विचारता बहिणीला फोन लावला. साडू पेशंट थांबवून स्वतः कार्ट्रिज घेऊन आला. त्याच्याकडचंही त्याच कंपनीचं. स्वतःच बसवून दिलं. मग खुर्ची ओढून प्रिंट निघेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "कोट काय सुरेख आलाय हो. मला नसता जमला."

मनापासून म्हणाला. हेच मला सहन होत नाही. तो वाईट असता तर किती बरं झालं असतं. मी थँक्यू म्हणालो. बायको म्हणाली, ऐकू आलं नाही त्यांना. मग परत म्हणालो.

माझ्या शाईच्या, पोटापाशी संपलेल्या त्या आधीच्या प्रिंटचे तुकडे केले. खऱ्या प्रिंटमध्ये सगळी काळी शाई साडूची आहे. हे कुणालाही सांगायचं नाही.

३१ मार्च, रविवार
जिंकलो.

सविस्तर: सासूबाईंनी दोन्ही फोटो टेबलावर ठेवायला सांगितले. साडूचा बनियनवाला, मॅटवर, काचेत. माझा कोटवाला, बिनकाचेचा. चष्मा लावून आधी बनियनकडे बघितलं, हसल्या. मग कोटाकडे बघितलं. बराच वेळ. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि म्हणाल्या, "हा लावा."

मेहुणी म्हणाली, आई, यात बाबा रागावल्यासारखे वाटतात ना? सासूबाई म्हणाल्या, असू देत. साडूने स्वतः खिळा ठोकला, कारण मी फोटो हातातून सोडायला तयार नव्हतो. बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या जिन्याकडे बघितलं होतं तसं नाही, पण त्याच्या जवळपास.

कागदानेच केलं हे. आज पहिल्यांदा सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं नाही.

७ एप्रिल, रविवार
सासूबाईंकडे चक्कर. मुद्दाम कोपऱ्यात पेपर घेऊन बसलो. शेजारच्या बाई आल्या, आत जाता जाता फोटोसमोर थांबल्या. चांगल्या थांबल्या. मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे. काय नजर आहे बाईंची. कुरिअरवाला सही घ्यायला आला, तोही सासूबाई पेन शोधेपर्यंत फोटोकडेच बघत होता. तोंड किंचित उघडं. माझ्या फोटोपुढे आ वासणारा माणूस दातांचा पेशंट नव्हता, याची नोंद करून ठेवतो.

१४ एप्रिल, रविवार
आजही तेच. इलेक्ट्रिशियन शिडी टेकवून बराच वेळ फोटोसमोर. मेहुणीचा मुलगा तर शाळेच्या कार्यक्रमाला निघताना खास थांबून गेला. साडूला मी सहज म्हणालो, लोक थांबतात बुवा. तो म्हणाला, थांबणारच. यापुढे मी प्रदर्शनाचा विचार करायला हरकत नाही. हाय ग्लॉसवर एक पूर्ण मालिका. शुक्रवारीच ऑफिसात बाजूच्या टेबलवाल्याला तसं सांगितलं होतं, तो म्हणाला, बरं.

२१ एप्रिल, रविवार
बायकोला म्हणालो, बघ, शेजारच्या बाई आजही तिथे किती वेळ उभ्या आहेत. बायको म्हणाली, केस नीट करतायत त्या.

मी म्हणालो, कसे?

ती म्हणाली, बाबांच्या कोटात. समोर खिडकी आहे ना. त्या कोटात आख्खी खोली दिसते. सगळेच तिथे भांग पाडतात, तुम्हाला माहीत नव्हतं?

उठून समोर उभा राहिलो. सासऱ्यांच्या छातीच्या जागी मी होतो. माझ्या मागे खिडकी, पडदा, टेबल, फळांची वाटी, सगळं लख्ख. इलेक्ट्रिशियन दातात अडकलेलं काढत होता म्हणे. कुरिअरवाल्याचं विचारलं नाही.

उपाय: खिडकीला जाड पडदा. किंवा फोटोला काच लावता येईल, तसली काच मिळते म्हणतात ज्यात काही दिसत नाही. साडूला विचारता येईल. नको.

२८ एप्रिल, रविवार
सगळे सासूबाईंकडे जेवायला. जेवण झाल्यावर साडू सोफ्यावर बसून दुसरा दवाखाना काढतोय त्याबद्दल सांगत होता. मेहुणी ऐकत होती, माझी बायको तिच्याहून जास्त ऐकत होती. मी सोफ्याच्या टोकाला. सासूबाई त्यांच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, आमच्याकडे पाठ आणि तोंड भिंतीवरच्या फोटोकडे. गुडघ्यामुळे त्या खुर्ची फिरवत नाहीत.

त्यांनी पाणी मागितलं. नेऊन दिलं, तर म्हणाल्या, थांबा जरा इथे. आणि हळूच, "कोटात बघा."

बघितलं. सोफा दिसत होता. साडूचे हातवारे, दोघी बहिणी, टोकाला माझी रिकामी जागा. सासूबाई म्हणाल्या, इथे बसून मला मागचं सगळं दिसतं, कोण आलं, कोण गेलं. मी म्हणालो, कागद बदलून आणतो, दुसरा एक आहे, शांत. त्या म्हणाल्या, बदला खरंच, डोळ्यावर येतं. पण फोटो हाच ठेवा.

मग मी विचारलं, हाच का? मला वाटलं त्या काळ्या रंगाबद्दल काहीतरी म्हणतील.

त्या म्हणाल्या, "डॉक्टरांचा छान आहे. पण तसं हसायचे ते सगळ्यांसमोर. हा त्या जेवणाच्या दिवशीचा ना? माझ्या बहिणीचे यजमान आपली नवीन गाडी कशी घेतली ते सांगत होते. बघा यांचं तोंड. बहिणीकडचे आले की हे अस्सं व्हायचं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. हे गेल्यापासून मला हेच तोंड दिसत नव्हतं."

पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात होता तसाच होता.

त्या म्हणाल्या, "मगाशी खाली कोटात तुम्ही दिसलात, आणि वर हे. मला क्षणभर कळेना, कोण कुठलं." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, चांगले आहेत हो डॉक्टर.

मी पुन्हा बघितलं. मागे साडू अजून सांगत होता, त्याला दुसऱ्या दवाखान्यासाठी जागाही कोपऱ्यावरची मिळाली आहे. मी भुवई खाली आणली, ओठ सैल सोडले, जमेल तेवढं तोंड सरळ केलं. सासऱ्यांनी केलं नाही.